पाध्येबाईंची काच

पाध्येबाईंविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांनी आठवणींचं एक छोटं पुस्तक काढलं होतं. मला फोन आला, "काका, तुम्ही तर त्यांचे शेजारी, तुमचा लेख पाहिजेच." मी मोतीबिंदूचं कारण सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा होऊन गेलं होतं आणि मला पेपरातली बारीक जाहिरातसुद्धा वाचता येत होती.

मागच्या महिन्यात आमची मुलुंड पूर्वेची इमारत पाडायला घेतली. पुनर्विकास. सगळे बिऱ्हाडकरू भाड्याच्या घरांत पांगले आहेत. मी आणि माझी बायको शैला नाहूरला आहोत, पण सकाळी फिरायला निघालो की पाय आपोआप जुन्या गल्लीकडे वळतात. त्या दिवशी पोकलेनने कंपाउंडची फरशी उचलली आणि त्याच्या दातांत दोन काळे पाइप अडकून वर आले. मुकादम धावत आला. फाटकाशी उभा असलेला म्हातारा जुना रहिवासी असणार हे त्याने ओळखलं.

"काका, ये किस का लाइन है? गॅस का तो नहीं?"

"नहीं. पानी का."

"किधर जाता है?"

"नीचे. बहुत नीचे. फिर वापस ऊपर आता है."

तो हसला. "जाता है, वापस आता है, तो फिर काम क्या करता है?"

मला उत्तर येत होतं. बाईंनी ते माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून सगळ्या सोसायटीला शिकवलं होतं. पण ते सांगायचं सोडून मी मागे वळलो. मी घरी आलो आणि शैलाला म्हटलं, "लिहायला कागद दे." तिने लगेच कागद आणून ठेवले आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

पाध्येबाई तिसऱ्या मजल्यावर राहत, म्हणजे आमच्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी, आणि इमारतीत पाऊल टाकलं की चपला हातात. फरशी पायांना काय सांगते ते चपलेमुळे ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. जिना चढताना प्रत्येक मजल्याच्या भिंतीला तळवा लावायच्या, जसा आपण मुलाच्या कपाळाला लावतो, आणि कुणी भेटलं तर निदान सांगायच्या. "तळमजला ठणठणीत आहे. पहिल्याला जरा कणकण. आमच्या तिसऱ्याला फणफणून ताप." मी तळमजल्यावर राहायचो आणि सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मोघे हे माझं आडनाव त्यांनी कधी वापरलं नाही. "काय सेक्रेटरी, आज तुमच्या दारावर ऊन किती वाजता आलं?" अशी त्यांची सुरुवात.

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. "भीती वाटली की मोजायचं. मोजलेली भीती निम्मी होते." एकदा मीटरच्या खोलीत साप निघाला. पहिल्या मजल्यावरच्या सावंत वहिनी किंचाळत बाहेर आल्या. बाई खडू घेऊन खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "केवढा होता? भिंतीवर दाखवा." सावंत वहिनींनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. वॉचमनने त्याच्या निम्मी. दुसऱ्या मजल्यावरच्या हर्षदभाईंनी, ज्यांनी खरं म्हणजे साप पाहिलाच नव्हता, त्यांनी दोन्हींच्या मधली. मग सर्पमित्र आला, त्याने पोतडीतून एवढीशी बिनविषारी दिवड काढून दाखवली. बाईंनी ती रेघांशी ताडून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "सावंत वहिनी, हा तुमचा नव्हे. तुमचा अजून आत असणार." आठवडाभर सावंत वहिनी मीटरच्या खोलीपुढून पदर सावरून पळत जायच्या.

मी स्वतः भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. लहानपणी आम्ही वाकोल्याला चाळीत राहायचो. एका दुपारी चाळीचा लाकडी जिना पडला. मी खालच्या ओट्यावर गोट्या खेळत होतो. पडण्याआधी जिन्याने एक अगदी बारीक आवाज केला होता, टिक, वाळली काडी मोडावी तसा. तो मी एकट्याने ऐकला आणि कुणाला सांगितला नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? मग धूळ आली. धुळीतून बायका ओरडत होत्या. त्या दिवसापासून मला भिंतींचे आवाज ऐकू येतात. सेक्रेटरी झालो तोही त्यापायीच. पाण्याची टाकी, गच्ची, खांब, सगळ्यांवर आपली नजर राहील, म्हणून.

बाईंना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका ऑक्टोबरात. त्यांचे यजमान अण्णा चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांना कंपवात झाला होता. आजाराने आणि औषधांनी त्यांना धड घाम येत नसे आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की यांना उकाड्यापासून जपा. दुपारी वरून हाक आली, "सेक्रेटरी, वर या." एवढंच. तापमान नाही, भिंतीची तब्येत नाही. मी धावलो. अण्णा खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. त्यांचा हात हातात घेतला तर तव्यासारखा. मला ओळखेनात. बाईंच्या हातात थर्मामीटर होता आणि हात इतका कापत होता की त्यांना तो वाचताच येत नव्हता. "मोजता येत नाहीये हो मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा."

आम्ही चादरी भिजवल्या. सावंत वहिनींनी बाजारातून मासळीसोबत आणलेला बर्फ परातीतून वर आणला आणि अण्णांच्या काखेत, मानेखाली लावला. "पापलेटाचो बर्फ आसा, पन थंड तरी आसा," असं पुटपुटत. संध्याकाळपर्यंत अण्णा शुद्धीवर आले. पहिलं वाक्य बोलले ते, "कुणी मासे आणलेत?" आम्ही हसलो, सावंत वहिनी तर रडत हसल्या. बाई हसल्या नाहीत. खाली फरशीवर बसून राहिल्या, तळवा अण्णांच्या कपाळावर.

त्यांच्याकडे एसी होता. पण तो दिवसरात्र चालवायचा तर बिल पेन्शन गिळून टाकायचं. शिवाय बाईंचा एसीवर वेगळाच राग होता. "हर्षदभाईंच्या बेडरूममधला उकाडा त्यांच्या यंत्रातून माझ्या स्वयंपाकघरात येतो. माझा वरच्या गच्चीला जातो आणि स्लॅबमधून परत माझ्याच डोक्यावर. आपण सगळे एकमेकांच्या घरात उकाडा ढकलतोय, सेक्रेटरी." त्या हिवाळ्यात त्या वाचत बसल्या, जुन्या विद्यार्थ्यांना फोन करत बसल्या. त्यांतला गिरीश नावाचा एकजण घाटकोपरला राहायचा, शीतगृहांची यंत्रं बसवायचा. तो दोनतीनदा येऊन कंपाउंडमधली आमची जुनी बंद पडलेली बोअरिंग बघून गेला. आणि मग बाईंनी सोसायटीची सभा बोलवायला लावली. माझ्या घरी, कारण माझा फ्रिज मोठा होता.

सगळ्यांना त्यांनी फ्रिजच्या मागे हात लावायला लावला. "गरम लागतंय? आतल्या भाजीतली उष्णता आहे ती. हे यंत्र गारवा तयार करत नाही. ते हमाल आहे. आतली उष्णता उचलतं, बाहेर नेऊन टाकतं. आता प्रश्न एवढाच, की टाकायची कुठे? एसी ती हवेत टाकतो. हवा आधीच तापलेली, म्हणून हमालाची दमछाक होते आणि बिल वाढतं. जमिनीत खोल गेलं की वैशाखातही तितकं तापत नाही. दोन भोकं पाडायची, त्यात वळवून पाइप सोडायचे. पाणी खाली जाईल, उष्णता तिथे ठेवील, परत वर येईल. तेच पाणी, सारखं फिरणारं. जमिनीतलं पाणी उपसायचं नाही, काही नाही. ओझं टाकायची जागा जवळ आली की हमाल कमी पैशात काम करतो."

हर्षदभाईंचं स्टेशनजवळ कापडाचं दुकान. ते म्हणाले, "बेन, ते समदा बरोबर. पण एवढी गरमी जमिनीत टाकणार, तर आपला पाया शेकणार नाय?"

"छान प्रश्न," बाई खुश झाल्या. "म्हणून सगळी जमिनीत नाही टाकायची. आधी एका टाकीतलं पाणी तापवायचं. सकाळी आंघोळीला सगळ्यांना गरम पाणी, गीझर बंद. उरलेली खाली."

सावंत वहिनी दचकल्या. "म्हंजे अण्णांच्या घामान आमी आंघोळ करूची?"

"अण्णांना घाम येत नाही हो," बाई म्हणाल्या. "तोच तर प्रश्न आहे."

सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. त्या गप्प झालेल्या क्षणात ठराव पास झाला असं मला वाटतं. तिसऱ्या मजल्यावरच्या घरांपुरतं करून बघायचं, खर्च त्यांचा, जमलं तर पुढे बाकीच्यांनी.

भोकं पाडायचं यंत्र आलं तेव्हाचे दिवस मला अजून आठवतात. सगळी इमारत दातांसारखी वाजायची. कपाटातल्या बरण्या सरकायच्या. कंपाउंडभर राखाडी चिखल. मी घरात बसून भिंतींना कान लावायचो. बाई मात्र चिखलात अनवाणी उभ्या, खालून आलेला मातीचा लगदा मुठीत धरून बघणार. "हात लावा, सेक्रेटरी. एवढ्या खालची माती. बघा कशी शांत आहे." मी हात लावला. माती गार होती आणि मला त्यातही भीती वाटली. जिच्यावर आपलं घर उभं आहे तिच्या आतून काढलेली होती ती.

पण मार्चमध्ये यंत्र सुरू झालं आणि पाध्यांच्या घरात एक नवल घडलं. तो एसीचा झोंबणारा गारवा नव्हता. पावसाळ्यात देवळाच्या गाभाऱ्यात शिरावं तशी खोली. अण्णा उठून बसायला लागले. कागद मागून घेतला, थरथरत्या हाताने माठ काढला, आणि रेघ थरथरल्यामुळे तो माठ पाझरतोय असाच दिसायचा. दुपारी सावंत वहिनी भाजी निवडायला तिथेच जाऊन बसायच्या. "अण्णांचो हाल इचारूक इलंय," असं म्हणायच्या आणि पाय पसरून झोपून जायच्या. पहिलं बिल आलं ते हर्षदभाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि विचारलं, "बेन, आमच्या मजल्यावर कधी?" नव्या यंत्राला जागा हवी म्हणून आणि खर्चाला हातभार म्हणून बाईंनी जुना एसी काढून विकूनही टाकला. मीच गिऱ्हाईक आणलं होतं.

आणि मग जिन्यात ती भेग दिसली.

तळमजला आणि पहिला मजला यांच्यामधल्या वळणावर, तिरपी, केसापेक्षा थोडी जाड. सावंत वहिनींना आधी दिसली. संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीला पाठ झाली. भोकं पाडल्याने झालं, पाया शेकला, जमीन खचतेय. जो तो जिन्यातून भिंतीच्या विरुद्ध बाजूने चालायला लागला. बाई भिंग घेऊन आल्या. "जुनी आहे ही. हे बघा, भेगेच्या आत पिवळा रंग उतरलाय. म्हणजे आपण मागे रंग काढला त्याच्याही आधीची. आता वरचा थर सुटला म्हणून दिसायला लागली." कुणी ऐकेना. मला बाईंचं पटलं होतं. पण पटून माझी भीती गेली नाही.

"बरं," बाई म्हणाल्या, "तुम्हाला भीती वाटतेय. मोजू या." त्या वर जाऊन एक लहान खोका घेऊन आल्या. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या काचपट्ट्या. एक पट्टी त्यांनी भेगेवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला चिकटवली. "काच ताणत नाही, वाकत नाही. भिंत जराशी जरी हलली, तरी आधी काच तुटेल. अक्षय्य तृतीयेपर्यंत शाबूत राहिली तर तुम्ही सगळ्यांनी निर्धास्त झोपायचं. तुटली, तर मी स्वतः यंत्र बंद करीन. सेक्रेटरी रोज बघतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, मला का? पण नाही म्हणायलाही धीर लागतो.

त्यानंतर मी फक्त त्या काचेचा होऊन राहिलो. दूध आणायला जाताना आधी वळणापर्यंत चढून बघायचो, आल्यावर पुन्हा बघायचो. बॅटरी मारून बघायचो. काच शाबूत असायची आणि मी तरीही पुन्हा वळून बघायचो. आज शाबूत आहे, पण उद्या? आता शाबूत आहे, पण मी पाठ वळवली की? घरात बसलो की वाटायचं ती आत्ता, या क्षणाला तुटली, आणि मी तिथे नाही. शैला म्हणायची, "अहो, बाईंनी सांगितलंय ना, नुसतं बघायचं." मी बघतच होतो. पण बघून मला खात्री होत नव्हती.

एका सकाळी मला वाटलं, काचेचं डावं टोक सुटलंय की काय. सुटलं असेल तर भिंत हलली तरी काच तुटणार नाही, आणि आपण सगळे फसून बसू. नीट चिकटलीय ना, एवढंच बघायचं होतं. मी अंगठा ठेवला. घट्ट वाटली. आणखी जरा दाबलं.

टिक.

वाकोल्याचा आवाज. अगदी तोच. माझ्या अंगठ्याखाली काच मधोमध तुटली होती आणि मी धूळ येण्याची वाट बघत उभा होतो. धूळ आली नाही. खालून हर्षदभाई आले, देरासरातून दर्शन घेऊन, कपाळाला केशराचा टिळा.

"शूं थयूं, मोघेसाहेब? असे का उभे?"

मी म्हणालो, "काच तुटली."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी दाबली. पण हर्षदभाई तोवर दोन दोन पायऱ्या टाकत वर पळाले होते. "बहार निकलो! काच तुटली! समदे खाली उतरा!"

जे झालं ते मला अजून दिसतं. लोक जिन्यातून उतरले नाहीत, ओतले गेले. कुणी गॅस बंद करायला पुन्हा वर धावलं. कुणाच्या काखेत देव. सावंत वहिनी एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ओला झारा घेऊन, "माका कायच सुचना, माका कायच सुचना" म्हणत. चौघांनी अण्णांना खुर्चीसकट उचललं. वळणावर, त्या भेगेपाशी, खुर्ची अडली आणि अण्णा एका बाजूला कलले. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. सगळे उन्हात कंपाउंडमध्ये उभे राहून इमारतीकडे बघत होते. ती पडत नव्हती.

बाई शेवटी उतरल्या. वळणावर थांबल्या. भिंग काढून काच बघितली, भेग बघितली. मी तिथेच होतो, दोन पायऱ्या खाली. त्यांनी भिंतीला तळवा लावला आणि चटकन काढून घेतला, चटका बसल्यासारखा. ती भिंत सावलीतली, गार होती.

"तुटलीय," त्या म्हणाल्या. "मी चुकले हो, सेक्रेटरी."

त्यांनी जाऊन स्वतः यंत्राचा खटका खाली केला. मी बघत उभा राहिलो. तेव्हा सांगितलं असतं तर शिव्या बसल्या असत्या, सेक्रेटरीपद गेलं असतं. त्यापलीकडे काय झालं असतं? पण एवढे लोक उन्हात घामाघूम होऊन उभे, माझ्या अंगठ्यामुळे. मला त्यांच्या तोंडांची भीती वाटली. संध्याकाळी सांगू, म्हटलं. मग उद्या. बाहेर पडलेली भीती परत आत घालणं फार कठीण असतं.

पुढे मे आला. जुना एसी विकलेला, साठवलेलं सगळं जमिनीत गेलेलं. नव्या एसीची जुळवाजुळव होईपर्यंत ओल्या चादरी, टेबलफॅन आणि सावंत वहिनींचा बर्फ. मी वर गेलो आणि म्हटलं, "बाई, अण्णांना माझ्याकडे खाली आणा. माझ्या खोलीत एसी आहे. मी आणि शैला बाहेर झोपू." हे मी मनापासून म्हटलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या.

बाई म्हणाल्या, "नको. त्या जिन्याचं नाव काढलं तरी ते थरथरतात. आणि खरं सांगू? मीसुद्धा. त्या वळणावरून त्यांना परत न्यायचं माझ्याच्याने होणार नाही."

बाईंना जिन्याची भीती वाटत होती. ती मी त्यांना दिली होती.

अण्णांना एका दुपारी इस्पितळात हलवलं, त्याच जिन्याने, आणि ते परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आजार जुनाच होता, त्यात हा उष्मा. कुणीही माझं नाव घेतलं नाही. खांदा द्यायला मी पुढे होतो.

पावसाळा संपल्यावर इमारत तपासायला एक इंजिनियर आला. त्याने हातोडीने भिंत ठोकून पाहिली, नखाने भेग खरवडली आणि म्हणाला, "प्लास्टर आहे हे नुसतं. जुनं. मागे काही नाही. बिल्डिंगला काहीही झालेलं नाही."

"मग काच का तुटली?" बाईंनी विचारलं.

"बाई, जिना आहे. पोरंबिरं खेळताना हात लागला असेल."

"नाही," बाई म्हणाल्या. "कुणाचा हात लागणं शक्य नाही. सेक्रेटरी रोज बघत होते."

मी त्या इंजिनियरच्या बुटांकडे बघत राहिलो. त्यांवर चुन्याचे ठिपके होते.

गिरीश म्हणाला, बाई, आता परत चालू करू, काहीच दोष नव्हता. दुसऱ्या मजल्याचे लोकही मऊ झाले होते. बाईंनी मान हलवली. "ज्या गोष्टीचं कारण मला कळलं नाही, ती मी पुन्हा कुणाच्या घराखाली चालवणार नाही." कंपाउंडमधल्या दोन्ही तोंडांवर सिमेंट घातलं गेलं. काही महिन्यांनी प्रत्येक खिडकीखाली एसीचा डबा लटकला आणि गल्लीतून चालताना ओळीने भट्ट्या पेटवल्यासारखं वाटायला लागलं. बाई आता भिंतींना हात लावत नसत. चपला घालून जिना चढत, कठड्याच्या बाजूने.

मग त्या बोरिवलीला भाचीकडे राहायला गेल्या. मी दोनदा पत्ता घेऊन निघालो आणि दोनदा अर्ध्या रस्त्यातून परतलो. तिसऱ्यांदा शैला दाराशी उभी राहिली. तिला मी कधी सांगितलं नव्हतं. "काय असेल ते आज सांगूनच या," ती म्हणाली.

बाई खूप वाळल्या होत्या. खिडकी बंद, एसी घुमत होता, आणि त्या खुर्ची सोडून खाली फरशीवर बसल्या होत्या, भिंतीला पाठ टेकून. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "सेक्रेटरी! चांगलं झालं आलात. तुमच्याशीच बोलायचं होतं."

मी म्हणालो, "बाई, ती काच..."

"हो ना! मलाही तीच दिसते सारखी," त्या एकदम सरसावून बसल्या. "आणि आता मला वाटतं, कळलं. प्लास्टर. मी घाईघाईत जाड थर लावला. ते वाळताना आवळलं असणार आणि काचेला ताण बसला. भिंत हललीच नव्हती. माझ्याच हातची चूक. एवढी वर्षं पोरांना शिकवलं आणि स्वतः एक पट्टी धड लावता आली नाही. त्या पट्टीपायी अण्णांना..." त्या थांबल्या. मग त्यांनी माझा हात धरला. तोच उजवा हात. "आणि तुम्हाला उगाच त्रास झाला. रोज पहारा दिलात. लोकांनी तुम्हालाही बोल लावले असतील. माफ करा हं मला."

हात त्यांच्या तळव्यात होता. त्या तो नेहमीच्या सवयीने जोखत होत्या, मला कळत होतं. "गार पडलाय तुमचा हात," त्या म्हणाल्या. "तसं झालं असेल ना? प्लास्टरमुळे?"

मी मान हलवली. होय, अशी.

त्या दारापर्यंत पोचवायला आल्या. वळून पाहिलं तेव्हा चौकटीत उभ्या होत्या, अनवाणी. पुष्कळ दिवसांनी त्यांनी शेजारच्या भिंतीला तळवा लावला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर कोडं सुटलेल्या माणसाची शांतता होती.

घरी आलो. शैलाने विचारलं, "सांगितलंत?"

मी म्हटलं, "त्यांनीच माझी माफी मागितली."

बाई, प्लास्टरमध्ये काही चूक नव्हती. भिंत हलली नव्हती. तुमची काच मी तोडली. मला भीती वाटली होती, आणि मी मोजायचं सोडून दाबून पाहिलं.